दाखला खरा कशावरून? क्लाऊडच्या सुरक्षेला ब्लॉकचेनची जोड

महाराष्ट्राच्या सागरकिनाऱ्याचा विस्तार सांगताना ‘झाई ते रेडी’ असा शब्दप्रयोग केला जातो. त्यातील रेडी सिंधुदुर्गात, तर झाई पालघर जिल्ह्याच्या तलासरी तालुक्यात, किनारपट्टीच्या अगदी उत्तर टोकाला. गावाच्या पलीकडे गुजरातचा उंबरगाव तालुका सुरू होतो. मासेमारी हा येथील किनाऱ्याचा जुना व्यवसाय, तर तालुक्याच्या अंतर्भागात प्रामुख्याने आदिवासी समाजाची वस्ती. हद्दीवरच्या अशा गावातील माणसाला आपण कोण, कुठले आणि कोणत्या जमातीचे हे कागदावर सिद्ध करण्याची वेळ वारंवार येते. शिष्यवृत्तीसाठी, वनहक्काच्या दाव्यासाठी, नोकरीसाठी आणि बोटीवर जाण्यासाठीही दाखला लागतो.

पूर्वी हे कागद तालुक्याच्या कचेरीतील दप्तरात, लाल फडक्यात बांधलेले असत. आज त्यांतील बरेचसे संगणकीय स्वरूपात, गावापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या माहिती केंद्रांमध्ये साठवलेले असतात. कागदाला वाळवी लागत असे, तो भिजत असे, गहाळ होत असे. परंतु त्यावर खाडाखोड झाली तर ती डोळ्यांना दिसत असे. संगणकीय नोंदीत केलेला बदल मात्र मागे कोणताही व्रण ठेवत नाही. हा व्रण पुन्हा दृश्य कसा करावा, या प्रश्नाचे एक उत्तर म्हणून क्लाऊड संगणनाला ब्लॉकचेनची जोड देण्याचा विचार गेल्या काही वर्षांत पुढे आला आहे. ही जोड नेमकी कशी काम करते, महाराष्ट्रात तिचे कोणते प्रयोग झाले आणि तिच्या मर्यादा कोणत्या, हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

वही एकाच्या हातात

नोंदीवरचा अविश्वास ही संगणकाने आणलेली नवी गोष्ट नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची घरे व दुकाने गाठली, तेव्हा त्यांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता. या उठावानंतर १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. शेतकऱ्याचे दस्त नोंदणी अधिकाऱ्यासमोर व्हावेत आणि सावकाराने ऋणकोला पावती व हिशेब द्यावा, अशा तरतुदी त्यात होत्या. आजच्या पालघर जिल्ह्यात १९४५ साली झालेल्या वारली उठावाच्या मुळाशीही वेठबिगार आणि लग्नगडी या प्रथा होत्या. लग्नासाठी घेतलेले कर्ज कधी फिटले, हे ठरवणारी वही धनकोच्या घरी असे. ऋणकोकडे तिची प्रत नसे.

उलट, मराठेशाहीतील वतनाच्या तंट्यांचा निवाडा ज्या महजरात लिहिला जाई, त्यावर गोतसभेतील अनेकांच्या निशाण्या असत. पाटलाचा नांगर, बलुतेदारांची आपापली हत्यारे अशा चिन्हांनी सारे गाव त्या कागदाला साक्ष राही. एका माणसाला तो कागद गुपचूप बदलणे कठीण होते, कारण साक्षीदार अनेक होते. ब्लॉकचेनचे मर्म या जुन्या व्यवस्थेच्या फार जवळचे आहे.

क्लाऊड म्हणजे काय आणि धोका कुठे?

क्लाऊड हा शब्द आकाशातील ढगाची आठवण करून देत असला, तरी प्रत्यक्षात ते जमिनीवरील भक्कम इमारतींत बसवलेले हजारो सर्व्हर असतात. स्वतःची यंत्रे विकत घेण्याऐवजी संस्था त्यांवरील जागा आणि गणनक्षमता भाड्याने घेतात. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे व मुंबई परिसरात, ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आणि गुगलने २०१७ मध्ये मुंबईत आपली क्लाऊड केंद्रे सुरू केली. केंद्र सरकारने ‘मेघराज’ या नावाने शासकीय क्लाऊडचा उपक्रम हाती घेतला, तर महाराष्ट्र शासनाने जानेवारी २०१८ मध्ये सार्वजनिक क्लाऊड धोरण जाहीर केले.

या व्यवस्थेत सुरक्षेची जबाबदारी विभागलेली असते. इमारत, वीज, यंत्रे आणि मूळ प्रणाली यांची काळजी सेवा पुरवणारी कंपनी घेते. कोणाला कोणती माहिती पाहता येईल, पासवर्ड कोणाकडे असतील, नोंदी कशा तपासल्या जातील, हे मात्र ग्राहक संस्थेने ठरवायचे असते. बहुतेक अपघात या दुसऱ्या बाजूला घडतात. २०१९ मध्ये अमेरिकेतील कॅपिटल वन या बँकेच्या सुमारे १० कोटी अमेरिकी आणि ६० लाख कॅनेडियन ग्राहकांची माहिती बाहेर गेली, ती क्लाऊडवरील फायरवॉलची मांडणी चुकल्यामुळे.

भारतातील दोन घटनाही येथे लक्षात घेण्याजोग्या आहेत. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ९४ कोटी रुपयांहून अधिक रक्कम लुटली गेली. एटीएममधून पैसे काढण्याच्या मागण्या बँकेच्या मूळ प्रणालीपर्यंत पोहोचूच न देता, हल्लेखोरांनी उभ्या केलेल्या बनावट यंत्रणेने त्या परस्पर मंजूर केल्या. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचे पाच सर्व्हर सायबर हल्ल्यात सापडले, सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली आणि रुग्णालयाचे कामकाज बरेच दिवस हातानेच करावे लागले. पहिल्या घटनेत खोट्या मंजुरीला खरे मानले गेले. दुसऱ्या घटनेत खरी माहितीच हाती राहिली नाही. सुरक्षेच्या शास्त्रात हे दोन वेगळे रोग आहेत. पहिला अखंडतेचा, म्हणजे माहिती मूळ स्वरूपात आहे की नाही याचा, दुसरा उपलब्धतेचा. तिसरा रोग गोपनीयता भंग होण्याचा. ब्लॉकचेन प्रामुख्याने पहिल्या रोगावरचे औषध आहे, हे आरंभीच स्पष्ट करणे आवश्यक आहे.

दस्तऐवजाचा अंगठा

ब्लॉकचेनचा पाया ‘हॅश’ नावाच्या गणिती क्रियेवर उभा आहे. कोणताही दस्तऐवज, मग तो एका ओळीचा असो वा हजार पानांचा, या क्रियेतून गेला की त्याचा ठरावीक लांबीचा संकेत तयार होतो. सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या एसएचए-२५६ या पद्धतीत हा संकेत २५६ बिटांचा असतो आणि तो ६४ अक्षर-अंकांत लिहिला जातो. मूळ दस्तऐवजात एक मात्रा जरी बदलली, तरी संपूर्ण संकेत बदलतो. संकेतावरून मूळ दस्तऐवज उलगडता येत नाही, आणि तोच संकेत देणारा दुसरा दस्तऐवज मुद्दाम तयार करणे व्यवहारात अशक्य मानले जाते. माणसाच्या अंगठ्याच्या ठशावरून त्याची ओळख पटते, पण ठशावरून माणूस घडवता येत नाही. तसेच हे आहे.

असे संकेत एका गटात बांधले, त्या गटाचा पुन्हा हॅश काढला आणि तो पुढच्या गटात समाविष्ट केला, की साखळी तयार होते. मधल्या एखाद्या गटात फेरफार केल्यास त्यापुढचे सर्व दुवे जुळेनासे होतात. या साखळीच्या प्रती अनेक स्वतंत्र संगणकांवर असतात आणि नवी नोंद त्या सर्वांच्या ठरलेल्या नियमांनुसार होणाऱ्या सहमतीनेच स्वीकारली जाते.

या कल्पनेचा उगम वर्तमानपत्राच्या वाचकांना विशेष रोचक वाटावा असा आहे. संगणकीय दस्तऐवजाची तारीख मागेपुढे करता येऊ नये, यासाठी स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या अमेरिकी संशोधकांनी १९९१ मध्ये संकेतांची साखळी करण्याची पद्धत मांडली. त्यांनी स्थापन केलेल्या शुअर्टी या कंपनीने १९९५ पासून दर आठवड्याचा एकत्रित संकेत न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत छापण्यास सुरुवात केली. घरोघरी आणि ग्रंथालयांत गेलेला अंक कोण परत आणून बदलणार? छापील वर्तमानपत्र हेच तेथे अनेकांच्या हाती असलेली, न पुसता येणारी वही ठरले. २००८ मध्ये सातोशी नाकामोटो या टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या बिटकॉईनच्या शोधनिबंधात या संशोधकांच्या कामाचा संदर्भ आहे. ३ जानेवारी २००९ रोजीच्या बिटकॉईनच्या पहिल्या गटातही लंडनच्या टाइम्सचा त्या दिवशीचा मथळा कोरलेला आहे.

जोड कशी दिली जाते?

ब्लॉकचेनवरच सर्व माहिती साठवायची, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. साखळीची प्रत अनेक ठिकाणी ठेवावी लागत असल्याने तेथे मोठ्या फाईल ठेवणे महाग आणि संथ ठरते. शिवाय खासगी माहिती अनेकांच्या हाती जाते. म्हणून व्यवहारात दस्तऐवज क्लाऊडवरच, कुलूपबंद स्वरूपात राहतो आणि त्याचा केवळ हॅश साखळीवर नोंदवला जातो. पडताळणी करणारा आपल्या हातातील दस्तऐवजाचा हॅश नव्याने काढतो आणि साखळीवरील नोंदीशी ताडून पाहतो. जुळला तर दस्तऐवज मूळचाच. न जुळल्यास कुठेतरी हात फिरला आहे.

प्रत्येक दाखल्यासाठी साखळीवर स्वतंत्र नोंद करण्याचीही गरज नसते. राल्फ मर्कल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत दाखल्यांचे हॅश जोडीजोडीने एकत्र करत वर जातात आणि शेवटी एकच संकेत उरतो. तेवढा साखळीवर नोंदवला की पुरते. समजा, असे ६५ हजार दाखले आहेत. तर त्यांतील एकाची सत्यता पटवण्यासाठी त्या दाखल्यासोबत केवळ १६ संकेत पुरेसे होतात, कारण दोनाचा सोळावा घात ६५,५३६ आहे.

दुसरा उपयोग लॉग म्हणजे रोजनिशीच्या संरक्षणाचा. सर्व्हरवर कोण केव्हा आले, काय पाहिले, काय बदलले, याची नोंद यंत्र आपोआप करत असते. घरफोडी करणारा जसा जाताना कॅमेऱ्याची चित्रफीत घेऊन जातो, तसा मुरलेला हल्लेखोर प्रथम ही रोजनिशी पुसतो. प्रशासकाचे अधिकार असलेला आतला माणूसही ते करू शकतो. ठरावीक अंतराने रोजनिशीचा हॅश बाहेरच्या साखळीवर नोंदवत गेल्यास पुसापुशी थांबत नाही, पण लपतही नाही. भारताच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार सायबर घटनेची माहिती सहा तासांत कळवणे आणि १८० दिवसांची रोजनिशी जतन करणे बंधनकारक आहे. जतन केलेली रोजनिशी अस्सल असेल, तरच या बंधनाला अर्थ राहतो.

तिसरा उपयोग प्रवेशाधिकारांचा. कोणत्या अधिकाऱ्याला कोणत्या दिवसापासून कोणती नोंद बदलण्याचा अधिकार मिळाला आणि तो केव्हा काढून घेतला, हा इतिहास साखळीवर ठेवल्यास मागाहून अधिकार दिल्याचे किंवा काढल्याचे भासवता येत नाही.

एटापल्लीपासून पुण्यापर्यंत

महाराष्ट्रातील सर्वांत उल्लेखनीय प्रयोग गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे झाला. २०२२ मध्ये तेथील सुमारे ६५ हजार जातीच्या दाखल्यांचे पडताळणी-पुरावे पॉलिगॉन या सार्वजनिक ब्लॉकचेनवर नोंदवण्याचा उपक्रम महसूल प्रशासनाने लेजिटडॉक या प्रणालीच्या साहाय्याने हाती घेतला. दाखल्यावरील क्यूआर संकेत तपासून त्याचा खरेखोटेपणा कोणालाही पाहता यावा, ही त्यामागील कल्पना होती. त्याआधी २०२१ मध्ये महाराष्ट्र राज्य कौशल्य विकास मंडळानेही आपल्या प्रमाणपत्रांसाठी इथेरियम या ब्लॉकचेनवर आधारित व्यवस्था स्वीकारली होती.

अर्थव्यवहारांच्या क्षेत्रात मुंबईतील सेबीने १३ ऑगस्ट २०२१ च्या परिपत्रकाद्वारे कर्जरोख्यांमागील तारण आणि अटी यांवर देखरेख ठेवण्यासाठी डिपॉझिटरींनी विकेंद्रित नोंदवहीचे तंत्रज्ञान वापरावे, असे ठरवले. ही व्यवस्था १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. एकच मालमत्ता अनेकांकडे तारण दाखवण्याचा प्रकार रोखणे हा तिचा एक उद्देश. त्याच सेबीने ६ मार्च २०२३ रोजी नियमनाखालील संस्थांनी क्लाऊड कसे वापरावे, याची चौकट घालून दिली. राज्य वखार महामंडळाच्या गोदाम पावत्यांवर शेतकऱ्यांना तारण कर्ज मिळावे, यासाठीही ब्लॉकचेनचा वापर झाला आहे. पावती खोटी नाही आणि ती दुसरीकडे गहाण नाही, याची खात्री बँकेला हवी असते.

केंद्रीय पातळीवर डिसेंबर २०२१ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने ब्लॉकचेनविषयक राष्ट्रीय धोरण प्रसिद्ध केले. ४ सप्टेंबर २०२४ रोजी ‘विश्वस्य’ ही देशी ब्लॉकचेन प्रणाली सुरू करण्यात आली. तिची यंत्रणा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या भुवनेश्वर, पुणे आणि हैदराबाद येथील माहिती केंद्रांत विभागलेली आहे. शासकीय विभागांना स्वतः साखळी उभारण्याऐवजी ती सेवा म्हणून घेता यावी, हा तिचा हेतू. म्हणजे क्लाऊडला ब्लॉकचेनची जोड देताना ब्लॉकचेनही क्लाऊडवरूनच दिली जात आहे.

जगात या क्षेत्रातील जुना अनुभव एस्टोनिया या छोट्या देशाचा आहे. २००७ च्या वसंत ऋतूत तेथील सरकारी संकेतस्थळे, बँका आणि वृत्तपत्रे यांवर मोठे सायबर हल्ले झाले. त्यानंतर या देशाने सरकारी नोंदवह्यांच्या अखंडतेसाठी हॅशच्या साखळीवर आधारित व्यवस्था उभारली. रुग्णांच्या नोंदी आणि मालमत्तेच्या नोंदवह्या यांना त्या व्यवस्थेचे संरक्षण मिळाले. मूळ माहिती मात्र तेथेही आपापल्या नोंदवहीतच राहते. साखळीवर जातात ते फक्त संकेत.

न्यायालयात काय टिकते?

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ३ मध्ये अंकीय स्वाक्षरीच्या संदर्भात हॅशची व्याख्या पूर्वीपासून आहे. जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीतून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी संगणकीय पुराव्यासोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र आवश्यक असल्याचे स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार जोडावयाच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात तर संगणकीय नोंदीचा हॅश आणि तो काढण्याची पद्धत नमूद करण्यासाठी जागाच ठेवली आहे. त्यामुळे दस्तऐवज तयार झाल्याच्या दिवशीच त्याचा हॅश बाहेरच्या साखळीवर नोंदलेला असेल, तर प्रमाणपत्रातील संकेत ताडून पाहण्यास एक स्वतंत्र आधार मिळतो.

मर्यादांची नोंद

ब्लॉकचेनविषयी बोलताना उत्साहाच्या भरात काही गोष्टी सांगायच्या राहून जातात. पहिली अशी, की साखळी नोंद बदलू देत नाही. नोंद खरी आहे की खोटी हे तिला कळत नाही. लाच देऊन मिळवलेला खोटा दाखला साखळीवर चढला, तर तो कायमचा खोटाच राहील, फक्त अधिक रुबाबदार दिसेल. खोट्या जमात-दाखल्यांचा प्रश्न महाराष्ट्रात जुना आहे. कुमारी माधुरी पाटील प्रकरणात १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तपासणी समित्यांची पद्धत घालून दिली, राज्याने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला आणि २०१७ मध्ये जगदीश बहिरा प्रकरणात खोट्या दाखल्यावर मिळवलेले लाभ टिकू शकत नाहीत, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. या साऱ्या प्रकरणांत प्रश्न केवळ कागद बनावट असल्याचा नव्हता. अस्सल शिक्क्याखाली असत्य माहिती असण्याचाही होता. त्यावर उपाय चौकशी हाच आहे. शिवाय समितीने दाखला रद्द केला, तर त्या रद्दतेची नोंदही साखळीवर त्वरित व्हायला हवी. अन्यथा हॅश जुळेल, दाखला दिला गेला होता हेही खरे ठरेल, पण तो आज वैध नाही हे तपासणाऱ्याला कळणार नाही.

दुसरी मर्यादा किल्ल्यांची. साखळीवर नोंद करण्याचा अधिकार गुप्त संकेत-किल्लीने मिळतो. ती चोरीस गेली किंवा स्वाक्षरी करणाऱ्यांची दिशाभूल झाली, तर चोराची नोंदही वैधच दिसते. १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या मुंबईशी संबंधित आभासी चलन बाजारातून सुमारे २३ कोटी डॉलरहून अधिक मूल्याची मालमत्ता गेली. तेथे साखळीचे गणित मोडले नव्हते. तिच्यावर स्वाक्षरी करण्याच्या व्यवस्थेत शिरकाव झाला होता.

तिसरी मर्यादा अशी, की हॅश म्हणजे माहितीची राखीव प्रत नव्हे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथील सरकारी माहिती केंद्राला आग लागली आणि शासकीय कर्मचाऱ्यांच्या फायली साठवणारी ८५८ टेराबाइटची प्रणाली जळाली. तिची बाहेर प्रत नव्हती. अशा वेळी साखळीवर संकेत असते, तरी त्यांनी एवढेच सांगितले असते की अमुक फायली कधीकाळी होत्या. दुसऱ्या ठिकाणी राखीव प्रत ठेवणे, ती परत आणता येते का याची वेळोवेळी तालीम करणे, या जुन्या शिस्तीला पर्याय नाही.

चौथा प्रश्न खासगीपणाचा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने नागरिकाला आपली माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून टाकण्याचा हक्क दिला आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. न पुसता येणारी साखळी आणि पुसण्याचा हक्क यांचा मेळ घालायचा, तर वैयक्तिक माहिती साखळीवर जाताच कामा नये. नुसता हॅशही पुरेसा सुरक्षित नसतो. बारा अंकी क्रमांकाचे सर्व संभाव्य हॅश शक्तिशाली संगणक काढून पाहू शकतो आणि मूळ क्रमांक शोधू शकतो. म्हणून हॅश काढण्यापूर्वी त्यात एक गुप्त, अंदाज न करता येणारा आकडा मिसळावा लागतो. तो आकडा नष्ट केला, की साखळीवरील संकेत निरर्थक उरतो आणि पुसण्याचा हेतू बव्हंशी साध्य होतो.

पाचवी गोष्ट सेवेच्या टिकाऊपणाची. ॲमेझॉनने २०१८ मध्ये जाहीर केलेली क्यूएलडीबी ही नोंदवहीची सेवा ३१ जुलै २०२५ रोजी बंद केली. मायक्रोसॉफ्टनेही आपली ब्लॉकचेन सेवा सप्टेंबर २०२१ मध्ये गुंडाळली. जातीचा दाखला दोन-तीन पिढ्यांना लागतो. तंत्रज्ञानाच्या सेवेचे आयुष्य कधी कधी सात वर्षांचेही नसते. त्यामुळे पडताळणीची पद्धत खुली असावी आणि एका कंपनीच्या अस्तित्वावर ती अवलंबून नसावी, ही अट करारातच हवी.

शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची बाब साक्षीदारांची. साखळीच्या तिन्ही-चारही प्रती एकाच विभागाच्या, एकाच प्रशासकाच्या ताब्यात असतील, तर ती नावापुरतीच ब्लॉकचेन उरते. सगळ्या निशाण्या एकाच हाताने उमटवलेल्या महजराला जी किंमत, तीच तिलाही.

झाईच्या किनाऱ्यावर

या सर्वाचा झाईसारख्या गावाशी संबंध कोणता? या पट्ट्यातील अनेक खलाशी गुजरातच्या बोटींवर कामाला जातात. समुद्रात सीमा दिसत नाही, आणि डहाणू-तलासरी भागातील मच्छीमार पाकिस्तानच्या ताब्यात सापडल्याच्या घटना घडल्या आहेत. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दर वर्षी १ जानेवारी व १ जुलैला परस्परांच्या तुरुंगांतील कैदी आणि मच्छीमारांच्या याद्या देतात. सुटकेपूर्वी त्या माणसाचे राष्ट्रीयत्व पडताळले जाते आणि त्यासाठी त्याच्या गावची, त्याच्या नावाची नोंद शोधावी लागते. बोट एका राज्याची, खलाशी दुसऱ्या राज्याचा, अशा वेळी नोंद चटकन आणि निःसंशय सापडणे म्हणजे एखाद्या कुटुंबाची काही महिन्यांची प्रतीक्षा कमी होणे. ब्लॉकचेन राजनैतिक विलंब दूर करू शकत नाही; पण कागद खरा आहे का, या प्रश्नात वेळ जाऊ नये, एवढे तिला साधता येते.

एटापल्लीचा धडा डहाणू-तलासरीत गिरवायचा झाल्यास काही पथ्ये पाळावी लागतील. उपविभागीय अधिकारी कार्यालय, आदिवासी विकास विभाग, तपासणी समिती आणि स्वतंत्र अशी एखादी शैक्षणिक वा न्यायिक संस्था यांच्याकडे साखळीच्या प्रती वेगवेगळ्या असाव्यात. पेसा कायद्याने ग्रामसभेला या भागात विशेष स्थान दिले आहे. जुन्या गोतसभेप्रमाणे तिलाही साक्षीदार करून घेणे अशक्य नाही. आठवड्याचा एकत्रित संकेत ग्रामपंचायतीच्या फलकावर छापील स्वरूपात लावला, तरी शुअर्टीने वर्तमानपत्रातून जे साधले ते काही अंशी येथे साधता येईल. इंटरनेटची जोडणी तुटली असतानाही दाखल्यावरील क्यूआर संकेतातून प्राथमिक पडताळणी व्हावी. आणि मुळात संगणकीकरणाच्या वेळी नाव, आडनाव वा जमात चुकीची टंकली गेली असेल, तर ती दुरुस्त करण्याची सोपी वाट साखळी सुरू होण्यापूर्वीच खुली असावी. नाहीतर टंकलेखनाची एक चूक न पुसता येणारी होऊन बसेल आणि तिचा भुर्दंड ज्याला इंग्रजी अर्ज भरता येत नाही, त्याच्यावरच पडेल.

नागरिकाच्या बाजूनेही एक साधी खबरदारी आहे. मिळालेल्या दाखल्याची मूळ संगणकीय फाईल जशीच्या तशी जपून ठेवावी. तिचे छायाचित्र काढले किंवा ती पुन्हा स्कॅन केली, की माणसाच्या डोळ्याला कागद तोच दिसतो, पण त्याचा हॅश बदललेला असतो. डिजिलॉकरसारख्या सोयीत मूळ फाईल ठेवणे आणि एक प्रत स्वतःकडे असणे, हे दोन्ही केलेले बरे.

१८७९ च्या कायद्याने शेतकऱ्याच्या हाती पावती दिली, तेव्हा सावकारी संपली नाही. पण वहीत काय लिहिले आहे हे विचारण्याचा आधार ऋणकोला मिळाला. ब्लॉकचेनकडूनही याहून अधिक अपेक्षा करू नये आणि याहून कमीही मागू नये. दूरच्या माहिती केंद्रात आपल्या नावापुढे काय लिहिले आहे आणि ते काल होते तेच आज आहे का, हे तलासरीच्या पाड्यावरील विद्यार्थिनीला आणि झाईच्या खलाशाला कोणाच्याही मेहेरबानीशिवाय तपासता आले, तर या तंत्राचे काम झाले असे म्हणता येईल.